मध्यम वयात आजार सांभाळून व्यायामाची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे साधारणपणे चाळिशी ते साठीच्या टप्प्यातील अशा व्यक्तींसाठी आहेत, ज्यांना रक्तदाब, मधुमेह, गुडघ्यांची झीज, दमा, पाठदुखी यांपैकी एखादी तक्रार आहे आणि ज्यांनी बरीच वर्षे मुद्दाम असा व्यायाम केलेला नाही. ही उत्तरे तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत; मात्र तपासणीला जाताना काय विचारावे आणि घरी परतल्यावर पहिल्या दिवशी नेमके काय करावे, हे त्यांतून ठरवता यावे.

वीस वर्षे काहीच केलेले नाही. आता सुरुवात करून खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि अपेक्षेपेक्षा अधिक होतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले होते. तेवढ्या काळात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले होते, त्यापेक्षा ते तीन आठवड्यांचे पडून राहणे अधिक महागात पडले होते. त्यानंतर सुमारे सहा महिने क्रमाक्रमाने वाढवत नेलेल्या साध्या व्यायामाने, म्हणजे चालणे, हळू धावणे, सायकल चालवणे अशा प्रकारांनी, त्यांची क्षमता पुन्हा १९६६ मधल्या मूळ पातळीवर आली.

पाच जणांवरून साऱ्या जगाविषयी निष्कर्ष काढू नये, हे खरेच; शिवाय ते पाचही जण मुळात धडधाकट होते. तरीही आपण ज्याला ‘वय झाले’ असे म्हणतो, त्यातला बराच भाग वयाचा नसून बसून राहण्याचा असतो, हे त्या निरीक्षणातून स्पष्ट दिसते. बसून राहिल्याने गेलेले बरेचसे परत मिळवता येते.

सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे का?

प्रकृती स्थिर असेल, औषधे नियमित चालू असतील आणि केवळ सपाट रस्त्यावर सावकाश चालायचे असेल, तर बहुतेकांना त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागत नाहीत. मात्र छातीत दडपण येणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, अकारण चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे, हृदयाची धडधड अनियमित होणे, पायांवर सूज येणे यांपैकी काहीही अलीकडे जाणवले असेल, तर आधी तपासणी आणि मगच व्यायाम, हा क्रम मोडू नये. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला झालेली इजा किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तरीही विचारूनच सुरुवात करावी.

विचारतानाही ‘मी व्यायाम करू का?’ एवढेच विचारू नये. त्याचे उत्तर ‘करा की’ असेच मिळते. माझ्या कोणत्या औषधामुळे नाडीचा वेग, रक्तदाब किंवा साखर व्यायामाच्या वेळी बदलू शकते, कोणती हालचाल मी टाळावी आणि कोणते लक्षण दिसले तर मी ताबडतोब थांबावे, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत.

पहिल्या दिवशी नेमके किती करावे?

जेवढे करता येईल असे वाटते, त्याच्या निम्म्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे, आणि उच्च रक्तदाब किंवा मधुमेहासारखे दीर्घकालीन आजार असलेल्यांनाही तोच आकडा लागू केला आहे. हा आकडा वाचून अनेकजण पहिल्याच दिवशी अर्धा तास झपाट्याने चालतात, तिसऱ्या दिवशी टाच किंवा गुडघा धरतो आणि दुसऱ्या आठवड्यात सारे थांबते. १५० मिनिटे हे गाठायचे ठिकाण आहे, निघायचे नव्हे. त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये, काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही हितकारक असते, असेही स्पष्ट म्हटले आहे. एका वेळी किमान दहा मिनिटे सलग केले तरच ते धरायचे, ही पूर्वीची अट तर काढूनच टाकली आहे.

म्हणून पाच मिनिटे चालावे आणि परत यावे. हे हास्यास्पद वाटेल, आणि तसे वाटणे हेच प्रमाण बरोबर असल्याचे चिन्ह समजावे. आपण जास्त तर केले नाही ना, याचा निकाल चालताना लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. झोपेतून उठल्यावर सांधे, श्वास आणि उत्साह नेहमीसारखे असतील, तर प्रमाण योग्य होते. नेहमीपेक्षा वाईट असतील, तर कालचे प्रमाण जास्त झाले, मग ते करताना कितीही सोपे वाटलेले असो. एक आठवडा अशा चांगल्या सकाळी मिळाल्या की एक-दोन मिनिटे वाढवावीत. या संथपणाला कारण आहे. दम आणि स्नायूंची ताकद काही आठवड्यांत सुधारते, परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांसारख्या कंडरांना बळकट व्हायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. उत्साह वाढलेला असतो आणि कंडरा मागे राहिलेल्या असतात. इजा बहुधा नेमक्या याच अंतरात होतात.

‘मध्यम श्रम’ म्हणजे किती, हे कसे ओळखावे?

बोलून पाहावे. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी अवस्था म्हणजे मध्यम श्रम. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा. अगदी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे गाणेही म्हणता येईल इतकेच श्रम पुरेत.

२२० मधून वय वजा करून नाडीचा कमाल वेग काढण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते, पण ती ढोबळ सरासरी आहे. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. बीटा-ब्लॉकर गटातील औषध घेणाऱ्यांसाठी तर हे गणित चुकीचेच ठरते, कारण ते औषध नाडीला वर चढूच देत नाही. घड्याळ ९५ दाखवत असते आणि माणूस मात्र पुरता दमलेला असतो. अशा वेळी स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली श्रमाची मोजपट्टी उपयोगी पडते. तिच्यात ६ म्हणजे श्रम नाहीतच आणि २० म्हणजे कमाल श्रम, असे मानून स्वतःच्या जाणिवेनुसार आकडा द्यायचा असतो. मध्यम श्रम साधारण १२-१३ च्या आसपास येतात. नवख्याने ९ ते ११ मध्ये राहावे.

गुडघ्यांची झीज झाली आहे. चालल्याने ती वाढणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो, आणि ‘झीज’ हा शब्दच त्या भीतीला कारणीभूत आहे. गाडीचे टायर जसे धावून झिजते तसा गुडघा चालून झिजतो, अशी कल्पना त्या शब्दातून मनात बसते. गुडघ्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार येतो आणि सुटतो, तेव्हा स्पंजासारखे दाबले जाऊन सांध्यातील द्रव तिच्यात आत-बाहेर होतो आणि त्यातूनच तिचे पोषण होते. याचा अर्थ असा की हालचाल पूर्णपणे थांबवणे हे तिच्या दृष्टीने उपासमारीसारखे असते. शिवाय मांडीच्या पुढच्या भागातील स्नायू अशक्त झाले की प्रत्येक पावलाचा धक्का ते पेलू शकत नाहीत आणि तो थेट सांध्यावर येतो. म्हणूनच गुडघ्याच्या संधिवातासाठी व्यायाम हा आज जगभरातील उपचारपद्धतींत पहिल्या पायरीवरचा उपाय मानला जातो.

सुरुवात खुर्चीवर बसून करावी. एक पाय गुडघ्यात सरळ करून पाच सेकंद धरावा आणि सावकाश खाली आणावा. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा. ते सहज जमू लागल्यावर खुर्चीवरून उठणे आणि बसणे हाच व्यायाम करावा, प्रथम हातांचा आधार घेऊन आणि उंच बैठकीवरून. बसताना धप्पकन न बसता हळूहळू खाली येणे यातच अर्धा फायदा आहे. चालण्यासाठी सपाट जागा निवडावी. उतारावर आणि जिना उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त ताण येतो. चालणे अजिबातच सोसत नसेल, तर उंच सीट असलेली स्थिर सायकल किंवा छातीइतक्या पाण्यात चालणे हे चांगले पर्याय आहेत, कारण तेवढ्या पाण्यात शरीराचे बरेचसे वजन पाणीच पेलते.

व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. शून्य ते दहा अशा मोजपट्टीवर दुखणे चार-पाचच्या पुढे जाऊ नये आणि चोवीस तासांच्या आत पूर्ववत व्हावे, एवढी मर्यादा पाळावी. सांधा सुजला, गरम झाला किंवा मध्येच अडकू लागला, तर मात्र तपासून घ्यावे. वजन जास्त असलेल्यांसाठी एक दिलासा असा की, घटलेल्या प्रत्येक किलोमागे प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मोजमापांत आढळले आहे.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. कोणती काळजी घ्यावी?

विश्रांतीच्या स्थितीत वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असेल, तर त्या दिवशी व्यायाम न करता डॉक्टरांशी बोलावे. एरवी दम वाढवणारा नियमित व्यायाम हा स्वतःच रक्तदाब कमी करतो. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये वरचा आकडा सरासरी ५ ते ८ ने उतरतो. त्यामुळे काही महिन्यांनी गोळीचे प्रमाण पुन्हा तपासावे लागू शकते, परंतु ते स्वतःहून कमी करू नये.

दोन चुका टाळाव्यात. जोर लावताना श्वास रोखून धरल्यास रक्तदाब क्षणार्धात फार वर जातो, म्हणून जोर लावताना श्वास सोडावा. मोठ्याने आकडे मोजत राहिल्यास श्वास आपोआप रोखला जात नाही. दुसरी चूक म्हणजे एकदम थांबणे. चालताना पायांतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, गोळ्यांचाही परिणाम असतो, आणि अचानक उभे राहिल्यास रक्त पायांतच साचून चक्कर येते. शेवटची पाच मिनिटे वेग कमी करत नेण्यासाठीच राखून ठेवावीत.

मधुमेहात व्यायामाने साखर एकदम कमी होण्याची भीती कितपत खरी आहे?

ते औषधावर अवलंबून आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेऊ शकतो, आणि व्यायामानंतरचे एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. जी व्यक्ती केवळ मेटफॉर्मिन घेते, तिची साखर व्यायामामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरणे विरळाच. जी व्यक्ती इन्सुलिन घेते किंवा ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेते, तिच्या बाबतीत मात्र ही भीती खरी आहे. अशांनी सुरुवातीचे काही आठवडे व्यायामापूर्वी आणि नंतर साखर मोजावी, ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर आधी थोडे खाऊन घ्यावे, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत, आणि अडचण अशी की व्यायामाचा घाम आणि हा घाम सारखाच दिसतो. शंका आली तर थांबून मोजावे. संध्याकाळी उशिरा केलेल्या व्यायामामुळे साखर रात्री झोपेत उतरू शकते, हेही इन्सुलिन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. साखर २५० च्या वर असून लघवीत किंवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे पदार्थ) असतील, तर व्यायाम करू नये.

साखरेइतकेच लक्ष पायांकडे हवे. संवेदना कमी झालेल्या पायाला बुटाने फोड आला तरी कळत नाही, आणि एक साधा फोड पुढे महिनोन्महिने चिघळू शकतो. अनवाणी चालू नये, शिवण न टोचणारे मोजे घालावेत आणि रोज रात्री तळवे व बोटांमधल्या जागा पाहाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहता येते. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्याचे निदान झाले असेल, तर जड वजन उचलणे, कुंथून जोर लावणे आणि डोके खाली करणारे प्रकार वर्ज्य समजावेत.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे.

मग या उत्तरांवर विसंबू नये. अशा व्यक्तींसाठी देखरेखीखालील पुनर्वसनाचे कार्यक्रम असतात आणि त्यांत नाडी व रक्तदाब पाहत व्यायाम वाढवला जातो. असा कार्यक्रम उपलब्ध असेल तर ‘मला बरे वाटते आहे’ या कारणासाठी तो टाळू नये. झटक्यानंतर व्यायामाला घाबरून बसून राहणारे आणि दुसऱ्या टोकाला जाऊन धावायला लागणारे, दोघांनाही त्याची सारखीच गरज असते.

दमा आहे. धाप लागणे आणि दम्याचा त्रास यांत फरक कसा करावा?

श्रमाची साधी धाप थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरू लागते. दम्याचा त्रास मात्र बहुधा थांबल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत वाढतो, आणि सोबत छाती आवळणे, खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज असतो. दहा-पंधरा मिनिटे अगदी सावकाश शरीर तापवल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तर व्यायामाच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी इन्हेलर घ्यावा, आणि तो सोबतही ठेवावा. थंड, कोरड्या किंवा धुरकट हवेत घरातच व्यायाम केलेला बरा.

रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे. पडण्याची भीती वाटते.

हाडाला बळकट होण्यासाठी भार लागतो, त्यामुळे चालणे, जिना चढणे आणि हलके वजन उचलणे यांचा हाडांना उपयोग होतो. पोहणे हृदयाला उत्तम, पण हाडांसाठी जवळजवळ निरुपयोगी. मणक्यांचे हाड ठिसूळ असेल तर कमरेतून गोलाकार पुढे वाकणे, पाठीवर झोपून धड उचलणे आणि वाकलेल्या स्थितीत पिळणे टाळावे. पुढे वाकून करण्याची आसनेही त्यात आली. जमिनीवरची वस्तू गुडघ्यांत वाकून उचलावी. पडण्याच्या भीतीवर उपाय तोलाच्या सरावाचा आहे: ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, पुढे एका बोटाचा आधार पुरावा.

उडी मारताना किंवा खोकताना लघवी थेंबभर सुटते, या कारणासाठी अनेक स्त्रिया व्यायाम सोडून देतात आणि त्याविषयी कोणाशी बोलत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सोडण्याच्या व्यायामाने ही तक्रार बहुतेकींची कमी होते. तो योग्य रीतीने होतो आहे की नाही, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्यावे, कारण नुसत्या वर्णनावरून करताना पुष्कळजणी उलटा, खाली ढकलणारा जोर लावतात.

पाठ दुखत असताना विश्रांती घ्यावी की हालचाल करावी?

साध्या पाठदुखीत अंथरुणावर पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. सोसेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. मात्र मांड्यांच्या आतील भागात किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे किंवा पायातील ताकद कमी होत जाणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

थोडे केले तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार गळून जायला होते. जिद्दीने पुढे रेटावे का?

रेटू नये. येथे नेहमीचा सल्ला उलटा पडतो. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे तीव्र थकव्याचा विकार, आणि कोविडनंतर रेंगाळणारा आजार असलेल्या अनेकांत श्रमानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी सगळीच लक्षणे उसळतात आणि ती कित्येक दिवस टिकतात. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये या विकारासाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. अशा व्यक्तींनी आपल्या शक्तीच्या मर्यादेत कामांची विभागणी करावी आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांना आळशी ठरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

घरकाम आणि जिने चढणे यांना व्यायाम म्हणता येईल का?

श्वास थोडा वाढत असेल तर जरूर. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या जिन्यावर चढ-उतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे त्यात दिसले. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कंबरा मुळातच मोठ्या असल्याचे आढळले, म्हणजे सारा फरक जिन्याचाच नव्हता. पुढील अनेक अभ्यासांनी मात्र मूळ दिशा बरोबर असल्याचे दाखवले आहे.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत का?

नाही. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. दोन हजार पावले चालणाऱ्याने तीन हजार चालणे, यातला लाभ आठ हजारांवरून नऊ हजारांवर जाण्यापेक्षा मोठा असतो.

नुसते चालणे पुरेसे आहे का?

काही महिन्यांनंतर नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि चालण्याने ती घट फारशी थांबत नाही. चालणे अंगवळणी पडल्यावर आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला हात टेकून ढकलणे आणि टाचा उचलणे, एवढे तीन प्रकार जोडावेत.

अंग दुखणे आणि इजा यांतला फरक काय?

नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस दोन्ही बाजूंच्या स्नायूंत पसरलेले, हळूहळू विरणारे दुखणे स्वाभाविक आहे. ते लॅक्टिक आम्ल साचल्याने होत नाही. ते आम्ल तर तासाभरात नाहीसे होते. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असे तीक्ष्ण दुखणे, सूज किंवा लंगडणे ही इजा समजावी. छातीत दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, गार घाम, अचानक धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर जागीच थांबावे, आणि काही मिनिटांत बरे वाटले नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

मध्ये खंड पडला तर पुन्हा कोठून सुरू करावे?

आठवडाभराचा खंड असेल तर पूर्वीच्या साधारण निम्म्यापासून, महिनाभराहून मोठा असेल तर पुन्हा पाच मिनिटांपासून. ताप असताना व्यायाम करू नये, आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. लंडनमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ लागले तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, असेही त्यात दिसले. खंड पडण्यापूर्वी आपण किती मिनिटे चालत होतो, हे बहुतेकांना आठवते त्यापेक्षा कमीच असते, म्हणून दिनदर्शिकेवर रोजची मिनिटे आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळसाठी ‘ठीक’ किंवा ‘जड’ एवढा एकच शब्द लिहून ठेवावा.